धडधड, डी-डायमर आणि दिवे घाट

वाचकाचं पत्र:

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यात राहतो. आमच्या मिस्टरांचं वय ४७. शेती आहे आणि दुधाची गाडी चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. सिटीचा स्कोअर १४ आला, नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. तेव्हा लस मिळाली नव्हती, ती नंतर घेतली. घरी सोडताना रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या दिल्या. एक महिन्याने बंद झाली. दुसरी, ७५ ची अ‍ॅस्पिरिन, अजून चालूच आहे. मेडिकलवाले जुनी चिठ्ठी बघून देतात. तेव्हापासून ह्यांना उठून उभं राहिलं की धडधडतं. बोटाला मशीन लावलं की ११०-११५ दाखवतं. दर सहा महिन्यांनी डी-डायमर, म्हणजे गुठळीची रक्ततपासणी, करतो. तो कायम थोडा वाढलेलाच असतो, मग त्या दिवशी घरात कुणाला जेवण जात नाही.

गेल्या वर्षी ह्यांचा चुलत भाऊ, वय ३९, गणपतीच्या मिरवणुकीत नाचता नाचता खाली बसला तो उठलाच नाही. गावात सगळे म्हणतात लशीने झालं. दोघांनी एकाच दिवशी कोविशिल्ड घेतली होती, त्यामुळे ह्यांच्या डोक्यातून ते जात नाही. साताऱ्याला एक पॅकेज आहे, त्यात सगळ्या तपासण्या आणि सिटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सिटी स्कॅन) होते. ती करावी का? कोरोनाने हृदय कायमचं खराब होतं का? आणि ह्यांना पुढच्या आषाढीला आळंदीपासून माउलींच्या पालखीबरोबर चालायचंय. मी नको म्हणते, त्यावरून रोज वाद. बीपी जरा असतो, १५०-१६० पर्यंत जातो, पण गोळी सुरू केली की जन्माची मागे लागते म्हणून घेत नाहीत. तंबाखू आहे, पण आता कमी केलीय. काय करावं ते सांगा.

एक वाचक भगिनी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात कोरोना आहे, लस आहे, डी-डायमर आहे, पॅकेज आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहाव्यात तशा दोन ओळी आहेत: बीपी १५०-१६०, गोळी नाही, तंबाखू चालू. तुमचे मिस्टर माझ्यासमोर बसले असते तर मी बोलायला तिथूनच सुरुवात केली असती. पण इतकी वर्षं ज्या भीतीत काढलीत ती थोडी मोकळी केल्याशिवाय बीपीचं कोणी मनावर घेणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून आधी कोरोनाचं बोलू.

कोरोना फुप्फुसांचा आजार म्हणून आपल्याकडे आला, आणि आपण सगळे ऑक्सिजनचा आकडा बघत बसलो. पण हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून, आणि हे प्रथिन फुप्फुसांइतकंच हृदयात, मूत्रपिंडात आणि बारीक रक्तवाहिन्यांना वेढून असलेल्या पेशींवरही असतं. रक्तवाहिन्या आवळणारं एक रसायन शरीरात सतत तयार होत असतं. त्याला आवर घालणं हे एसीई-२ चं रोजचं काम. विषाणूने तेच अडवलं की तो आवर सुटतो.

दुसरा घाव बसतो वाहिनीच्या आतल्या अस्तरावर. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. नॉनस्टिक तव्याचं कोटिंग समजा. ते शाबूत आहे तोवर रक्त सरसर वाहतं, कुठे धरत नाही. कोटिंग खरवडलं गेलं की जसं घावन चिकटायला लागतं, तसं तिथे रक्त धरायला लागतं आणि गुठळी होते. एप्रिल २०२० मध्येच झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांच्या ऊतींमध्ये या अस्तराला आलेली सूज 'लॅन्सेट'मध्ये दाखवली होती. त्याच वर्षी कोरोनाने आणि इन्फ्लुएन्झाने दगावलेल्यांची फुप्फुसं शेजारी शेजारी ठेवून तपासली गेली. कोरोनावाल्यांच्या केशवाहिन्यांमध्ये बारीक गुठळ्या नऊपट निघाल्या. नमुने थोडे होते, दोन्हीकडे सात-सात. पण दवाखान्यात आम्ही जे पाहत होतो त्याच्याशी ते जुळत होतं: ऑक्सिजन सुधारलेला, उद्या सोडायचं ठरलेलं, आणि पहाटे रुग्ण अचानक कोसळलेला.

तुमच्या मिस्टरांना डिस्चार्जच्या वेळी रक्त पातळ करायची गोळी दिली ती यासाठी. ती तेव्हा योग्य होती. महिन्याने बंद केली, तेही योग्य.

आता हृदयाचं. वुहानमधल्या ४१६ दाखल रुग्णांच्या पहिल्या मोठ्या नोंदीत जवळपास दर पाचव्या माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण होती. पण विषाणूने हृदय थेट कुरतडलं असा त्याचा अर्थ बहुतेकांत नव्हता. ऑक्सिजन कमी, ताप जास्त, अंगभर दाह, बारीक गुठळ्या, आणि त्यात आधीपासून अरुंद झालेल्या वाहिन्या. हे सगळं एकदम आलं की हृदय दमतं आणि थोडा स्नायू दुखावतो. खुद्द हृदयाच्या स्नायूला सूज येणं, म्हणजे मायोकार्डायटिस, हे होतं, पण त्याचं प्रमाण सुरुवातीला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी निघालं. २०२० च्या जुलैत फ्रँकफर्टहून बातमी आली होती की बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काहीतरी खोट आहे. जगभर हाहाकार झाला. पुढे त्या लेखातली आकडेमोड दुरुस्त करावी लागली. नंतर अमेरिकेत ७८९ व्यावसायिक खेळाडूंना कोरोनानंतर तपासलं, तेव्हा हृदयाला किंवा त्याच्या आवरणाला सूज सापडली ती पाच जणांत. पहिली बातमी गावोगाव पोचली, दुसरी कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली नाही.

तर कोरोनाने हृदय कायमचं खराब होतं का, याचं उत्तर: बहुतेकांचं होत नाही. पण धोका काही काळ वाढतो, आणि तो किती वाढतो व किती काळ टिकतो हे आता बऱ्यापैकी माहीत आहे.

सगळ्यात जास्त धोका पहिल्या आठवड्यात असतो. इंग्लंड-वेल्समधल्या ४ कोटी ८० लाख प्रौढांच्या नोंदींत पहिल्या आठवड्यात धमनीत गुठळी होऊन हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचं प्रमाण जवळपास २२ पट होतं. साधारण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात ते उतरून सव्वा पटीच्या थोडं वर आलं. स्वीडनच्या नोंदी सांगतात की पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला राहिला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींत, दीड लाखाहून जास्त कोरोनाबाधितांत, वर्षभरात दर हजारी ४५ जणांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा काही ना काही त्रास इतरांपेक्षा जास्त झाला. यात अ‍ॅडमिट न झालेलेही होते. ते बहुतेक वयस्कर गोरे पुरुष, आणि बराचसा काळ लशीच्या आधीचा, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा कराडला लावायचा नाही. आणि ब्रिटनच्या बायोबँकेच्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पाच्या, नोंदींत २०२० मध्ये लागण झालेल्यांचा हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूचा धोका जवळपास तीन वर्षांपर्यंत साधारण दुप्पट दिसला, दाखल झालेल्यांमध्ये त्याहूनही जास्त.

तुमचे मिस्टर दाखल झाले होते, लस मिळायच्या आधी. तेव्हा त्यांना कोरोनामुळे काहीच धोका नव्हता असं मी म्हणणार नाही. पण आता शेजारी दुसरा आकडा ठेवतो. १० लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक हिशेब आला. ४० ते ६९ वयात वरचं बीपी ११५ च्या पुढे दर २० ने वाढलं की हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, आणि लकव्याचा दुपटीहून जास्त. ११५ वरून १३५ ला दुप्पट, १५५ ला त्याच्याही दुप्पट. तुमचे मिस्टर १५०-१६० वर आहेत. म्हणजे ज्या कोरोनाची भीती घरात एवढी वर्षं जेवणाच्या ताटावर बसली आहे, त्याच्यापेक्षा हा बीपी मोठा आहे. आणि तो तीन वर्षांनी आपोआप उतरत नाही.

त्यात आपण दक्षिण आशियाई लोक. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या जगात जवळपास ५९. तुमचे मिस्टर ४७ चे आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, ताई. कोरोना शरीरात कुठे दडून बसलाय का, हे शोधत फिरणं आता सोडा. वडिलांना लवकर हार्ट अटॅक आला होता, किंवा माणूस विड्या ओढत होता, हे जसं आम्ही केसपेपरवर एका ओळीत लिहितो आणि त्यानुसार बीपी-साखर-कोलेस्टेरॉलच्या बाबतीत थोडे कडक होतो, तसंच '२०२१ ला कोविड, ऑक्सिजनवर ९ दिवस' ही ओळ लिहायची. तिचा उपयोग एवढाच, की दुसऱ्या कुणाला मी 'बघू तीन महिन्यांनी' म्हणालो असतो, तिथे तुमच्या मिस्टरांना गोळी आजच सुरू करा म्हणेन.

गोळी जन्माची मागे लागते, हे खरं आहे का? बहुतेकांना ती बराच काळ घ्यावी लागते. मागे लागतो तो बीपी. गोळी त्याला धरून ठेवते. वजन उतरलं, मीठ आणि तंबाखू गेली, तर डोस कमी झालेले आणि कधी गोळी सुटलेलेही लोक मी पाहिलेत, पण ते डॉक्टरांनी मोजून केलेलं असतं. आणखी एक. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी कोरोना वाढतो अशी शंका २०२० मध्ये निघाली होती, कारण या गोळ्यांचा संबंध त्याच एसीई-२ च्या साखळीशी येतो. ब्राझीलमध्ये दाखल रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, गोळ्या चालू ठेवलेल्यांचं काही बिघडलं नाही. गावात कुणी जुना मेसेज दाखवला तर हे सांगा.

आता अ‍ॅस्पिरिन. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ज्याला हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, लकवा यांपैकी काहीच झालेलं नाही, त्याला अ‍ॅस्पिरिनचा फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका जवळपास तेवढाच, असं २०१८ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. कोरोनासाठी म्हणाल तर ब्रिटनमध्ये जवळपास १५ हजार दाखल रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन वापरून पाहिली, मृत्यू कमी झाले नाहीत. आणि बीपी मोकाट असताना वर्षानुवर्षं अ‍ॅस्पिरिन घेणं म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाची शक्यता वाढवणं. पुढच्या आठवड्यात एमडी डॉक्टरांना दाखवाल तेव्हा ही जुनी चिठ्ठी बरोबर न्या आणि थेट विचारा, "ही कशासाठी चालू आहे?" तपासणीत काही निघालं तर ते चालू ठेवतील, बहुधा थांबवतील. मेडिकलवाल्याने २०२१ च्या चिठ्ठीवर आजही गोळी द्यावी, हा त्याचा चांगुलपणा असेल, पण तो इथे कामाचा नाही.

डी-डायमर बंद करा. रक्तात कुठे गुठळी विरघळत असली की तो वाढतो, हे बरोबर. पण सर्दी-तापाने, मुकामाराने, साध्या सूजेनेही वाढतो, आणि वयाबरोबर थोडा वाढतच जातो. ज्याला पायाला सूज नाही, धाप नाही, अशा माणसाचा दर सहा महिन्यांनी डी-डायमर काढून हातात येते ती फक्त काळजी. त्याचा खरा उपयोग तातडीच्या वेळी: एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, किंवा अचानक दम लागला आणि खोल श्वास घेताना छातीत टोचतं आहे. तेव्हा घरी थांबायचं नाही, दवाखान्यातच जायचं, पुढचं डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) की सिटी ते तिथे ठरवतील.

धडधडीकडे मात्र दुर्लक्ष नको. आडवं असताना नाडी ठीक आणि उभं राहिलं की पळायला लागते, हे कोरोनानंतर बऱ्याच जणांत दिसलं. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं. ते वर ढकलायला रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जायला हव्यात. हे काम बघणारी मज्जासंस्था आजारानंतर गडबडते, मग हृदय ठोके वाढवून वेळ मारून नेतं. घरी असं मोजा: सकाळी चहा-तंबाखूच्या आधी दहा मिनिटं स्वस्थ पडून राहायचं, नाडी आणि बीपी लिहायचं. मग भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं आणि दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा लिहायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा, चक्कर आली तर लगेच खाली बसवा. नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली आणि बीपी पडला नाही, तर त्याला पॉट्स म्हणतात. त्रासदायक आहे, जीवघेणं नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

मात्र त्याआधी साधी कारणं बघायची. हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड जास्त, साखर वाढलेली, दिवसाला पाच-सहा कप चहा, आणि तंबाखू. निकोटिन नाडी वाढवतं, बार धरल्या धरल्या. मोजताना बार धरण्याआधी आणि नंतर अर्ध्या तासाने, असे दोन आकडे लिहून त्यांनाच वाचायला द्या. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त काम करेल. नाडी नुसती वेगात नसून मध्येच चुकते, कशीही पडते असं हाताला लागलं तर ईसीजी आणि २४ तासांचं होल्टर (अंगावर मशीन लावून दिवसभर काढलेला ईसीजी) करावं लागेल. एक सावधगिरी: या त्रासावर मोबाइलवर शोधलंत तर सगळीकडे 'भरपूर मीठ-पाणी घ्या' असं सापडेल. तो सल्ला बीपी कमी असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या मिस्टरांनी मीठ वाढवायचं नाही. खर्डा, लोणचं, पापड, फरसाण हे सगळं मिठाच्या खात्यात मोडतं, आणि आपल्याकडे जेवणात 'वरून मीठ घेत नाही' म्हणणारा माणूस खर्डा चमच्याने खातो.

पॅकेज नको. त्यातल्या निम्म्या तपासण्यांचं काय करायचं हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या मिस्टरांना लागतं ते एवढं: बीपी, उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, कारण कोरोनात स्टेरॉइड घेतलेल्या अनेकांची साखर नंतर वर राहिली; कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी. ते दाखल झाले होते आणि धडधड आहे, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा करून टाका. नीट आला की दरवर्षी काढायची गरज नाही. आणि लांब चालायचं आहे, म्हणून बीपी ताब्यात आल्यावर टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. आधी नको, १६० च्या बीपीवर पट्ट्यावर पळवून काही साधत नाही. सिटी अँजिओचं टीएमटी आणि लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतील.

लशीचं आता. कोविशिल्डमुळे गुठळ्या होण्याचा एक फार दुर्मीळ प्रकार खरा आहे. प्लेटलेट कमी होतात आणि नको तिथे गुठळी होते. युरोपच्या औषध नियामकांनी ते एप्रिल २०२१ मध्येच मान्य केलं होतं. २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टातल्या कागदपत्रांत कंपनीनेही तेच मान्य केल्याची बातमी आली तेव्हा आपल्याकडे काहीतरी नवीन फुटल्यासारखा गोंधळ झाला. पण हा त्रास होतो तो डोस घेतल्यानंतर साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांत. त्यानंतर काही वर्षांनी मिरवणुकीत कोसळणं त्यात बसत नाही.

आपल्याकडचा अभ्यासही आहे. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट दिसणाऱ्या आणि अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती काढली, आणि त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या २९१६ जिवंत लोकांशी ताडून पाहिली. लशीने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कशाने? घरात कुणी असं अचानक गेलेलं असणं, कोरोनासाठी दाखल व्हावं लागलेलं असणं, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू किंवा जोरकस मेहनत. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना मृत्यू झाले तेव्हा त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी याच अभ्यासाचा हवाला देऊन, ज्यांना कोरोना जोरात झाला होता त्यांनी एक-दोन वर्षं अतिश्रम टाळावेत असं सांगितलं होतं. तुमच्या दिरांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे शवविच्छेदनाशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण लशीला बोल लावून गप्प बसलं की घरातलं खरं कारण तसंच राहतं. याच्याकडे मी परत येतो.

वारी. तुम्ही 'नको' म्हणता ते काळजीपोटी, पण मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. बीपी १३० च्या आसपास आला, टीएमटी नीट निघाली, तंबाखू सुटली, तर चालू द्या. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पण हे अंतर रोज वीस किलोमीटरच्या भाषेत पाहायचं नाही, कारण पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, आणि त्यातच दिवे घाटाची चढण, गर्दीत, उकाड्यात. पहिल्या वर्षी माझा सल्ला असा: पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते तेव्हा लोणंदला सामील व्हा. तुम्हाला ते जवळही आहे. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा, वाटेत चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण. पुढे फलटणपर्यंत अंदाज येतोच. जमलं तर पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत चला, न जमलं तर फलटणहून एसटीने घरी. दिवे घाट त्याच्या पुढच्या वर्षी.

तयारी तीन महिने आधीपासून. रोज चालायचं, चालताना बोलता येईल इतक्याच वेगाने, दर आठवड्याला थोडं वाढवत. आणि एक गोष्ट बघायची: आज जास्त चाललं म्हणून उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही, असं होतंय का. कोरोनानंतर काहींना श्रमांची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. तसं असेल तर जिद्दीने रेटायचं नाही, अंतर निम्मं करून हळूहळू वाढवायचं. वारीत बीपीची गोळी चुकवायची नाही, एकादशीच्या उपवासालाही नाही. ताप-खोकला आला तर चालणं थांबवायचं. हे फक्त कोरोनाचं नाही. कॅनडातल्या नोंदींत साध्या फ्लूनंतरही पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट निघालं होतं. दरवर्षीच्या फ्लूच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारून ठेवा.

घरात सगळ्यांना पाठ असावं असं थोडकं. छातीच्या मध्ये दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं, हातात, जबड्यात, पाठीत जाणारं, दरदरून घाम, पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारं: याला 'गॅस झालाय' म्हणून सोडा-लिंबू द्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा, ३०० ची अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची (अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर), आणि ईसीजी होईल अशा जवळच्या दवाखान्यात न्यायचं. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही, आणि हे मला सांगावं लागतं कारण पुरुष जातात. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली असेल तर तो लकवा. तिथे अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे सिटीशिवाय कळत नाही. साडेचार तासांच्या आत सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोचायचं.

तंबाखू 'कमी केलीय' हे मी जमेला धरत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, सोडायला मदत करतात. त्यांनीच फोन करायला हवा, तुम्ही नाही.

आणि आता तुमच्या दिरांबद्दल. तुम्ही त्यांच्या मुलाबाळांचं काही लिहिलं नाही. पण ३९ व्या वर्षी माणूस असा अचानक गेला की पहिला विचार त्यांचा करायचा. हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड होत जाणं, ठोक्यांच्या विजेचे काही दोष, लहान वयातच चढलेलं कोलेस्टेरॉल, हे सगळं रक्ताच्या नात्यात उतरतं आणि बहुतेकदा साध्या ईसीजी, टूडी इको आणि एका रक्ततपासणीत सापडतं. त्यांच्या सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं हे करून घ्या. मुलांपैकी कुणी कबड्डी, कुस्ती किंवा पोलीस भरतीची तयारी करत असेल तर त्याचं सगळ्यात आधी, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याचं पळणं बंद ठेवा. थोरल्यांना विचारा, त्यांच्या पिढीत कुणी पन्नाशीच्या आत झोपेत, विहिरीत पोहताना, शेतात काम करताना गेलं होतं का. ती यादी लिहून डॉक्टरांना दाखवा. तुमच्या जाऊबाईंकडे हा विषय काढाल तेव्हा लशीचा वाद बाजूला ठेवा. "मुलांचा ईसीजी काढून आणू, मी येते बरोबर" एवढं म्हणा, आणि तारीख ठरवूनच उठा.